समोरून कसं दिसतं ते राहू द्या, आधी प्लॅन दाखवा

नवीन कम्युनिटी सेंटर बांधायचं ठरलं की पहिली मीटिंग हमखास एकाच मुद्द्यावर अडकते, समोरून कसं दिसणार. आर्किटेक्टने थ्रीडी चित्र आणलेलं असतं, त्यात आकाश निळंशार, झाडं आधीच दहा वर्षांची झालेली, फुगे घेतलेली दोन पोरं आणि एक भलीमोठी काचेची भिंत. मग अर्धे लोक म्हणतात हे काय ऑफिस बांधताय का, आपल्याला आपलं वाटेल असं काहीतरी हवं, वीट, उतरतं छप्पर, कमानी वगैरे, आणि उरलेले अर्धे म्हणतात किती दिवस जुनंच उगाळत बसणार, जरा काळाबरोबर चला. दोन तास जातात, आवाज चढतात, आणि आत नेमकं काय आहे हा प्रश्न कोणी विचारेपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात.

यात लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही. चित्र सगळ्यांना कळतं, प्लॅन वाचायला थोडी सवय लागते, आणि जे कळतं त्यावरच माणूस बोलणार ना. पण बिल्डिंग तयार झाल्यावर तिचा दर्शनी भाग आपण पहिला महिनाभर बघतो, नंतर तो दिसेनासा होतो. त्रास देतात त्या आतल्या गोष्टी. दार कुठल्या बाजूला उघडतं, खुर्च्या कुठे ठेवायच्या, वरच्या मजल्यावरचा नाचाचा क्लास खालच्या वाचनाच्या खोलीत ऐकू येतो का, असल्या गोष्टींवर पुढची चाळीस वर्षं रोज कोणीतरी वैतागणार असतं.

माझ्या मते अशा बिल्डिंगची एकच खरी परीक्षा आहे. काहीही बुक न करता, कुठल्याही कार्यक्रमाला न आलेला माणूस सहज आत येऊन तासभर बसू शकतो का, आणि त्याला कोणी "काय काम होतं?" असं विचारत नाही ना. बाकी सगळं, म्हणजे स्टाईल, हॉल, कमानी, काच, यानंतर. आणि बहुतेक प्लॅनमध्ये हीच जागा नसते. हॉल असतो, तीन-चार क्लासरूम असतात, ऑफिस, टॉयलेट, जिना, आणि या सगळ्यांना जोडणारा एक अरुंद कॉरिडॉर ज्यात उभं राहिलं की आपण कोणाच्या तरी वाटेत येतो.

आता मोठ्या हॉलबद्दल, कारण दर्शनी भागानंतरचं दुसरं भांडण तिथेच असतं. प्रत्येक समितीला हॉल जास्तीत जास्त मोठा हवा असतो, कारण वर्षातून दोन-तीनदा सगळे जमतील तेव्हा कोणी बाहेर राहायला नको. ऐकायला बरोबर वाटतं. पण जरा साधा हिशोब करून बघा, सेंटर रोज सकाळी 8 ते रात्री 10 उघडं ठेवलं तर आठवड्याचे 98 तास होतात, हॉल आठवड्यातल्या तीन संध्याकाळी चार-चार तास गेला असं धरलं तर ते झाले 12 तास, म्हणजे उरलेले 86 तास बिल्डिंगमधली सगळ्यात महाग, सगळ्यात मोठी खोली कुलूप लावून रिकामी. आणि ती रिकामी असतानाही तिचं छप्पर गळतं, रंग उडतो, वायरिंग जुनं होतं.

हॉलवाल्यांचं एक म्हणणं मात्र खरंच वजनदार आहे आणि ते उडवून लावण्यात अर्थ नाही. ते म्हणतात हॉलच्या भाड्यातून पैसा येतो आणि त्यावरच बाकीचं चालतं, तुमच्या त्या फुकट बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा पंखा आमच्या समारंभांच्या पैशावर फिरतो. मान्य. फक्त दोन गोष्टी. भाडं मिळतं ते हॉल भरतो म्हणून, तो अवाढव्य आहे म्हणून नाही, आणि मध्यम हॉल जास्त वेळा भरतो कारण चाळीस-पन्नास माणसांच्या कार्यक्रमाला पाचशेचा हॉल कोणी घेत नाही, घेतला तरी तिथे बसून सगळ्यांना ओशाळल्यासारखं होतं. दुसरं म्हणजे भाड्यावरच सगळं अवलंबून ठेवलं की हळूहळू भाडं देणाराच मालक होतो, शनिवार-रविवार त्यांचे, पार्किंग त्यांचं, आणि ज्यांच्या नावाने बिल्डिंग बांधली ते मागच्या दाराने.

हॉल किती मोठा हवा यावर झालेली एक प्रसिद्ध चर्चा मला फार आवडते. 1941 च्या मे महिन्यात बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश पार्लमेंटचं हाऊस ऑफ कॉमन्सचं सभागृह पार उद्ध्वस्त झालं, आणि 1943 च्या ऑक्टोबरमध्ये, युद्ध चालू असतानाच, ते परत कसं बांधायचं यावर तिथे चर्चा झाली. काहींना अर्धगोलाकार, ऐसपैस, प्रत्येकाला स्वतःची सीट असलेलं सभागृह हवं होतं. चर्चिल नको म्हणाले. समोरासमोर बाकं असलेला तोच आयताकृती आकार ठेवा, आणि सगळे सदस्य एकाच वेळी मावतील इतकं मोठं मुळीच करू नका, कारण मग रोजच्या चर्चा जवळपास रिकाम्या सभागृहात होतील आणि त्यात जीव राहणार नाही. आर्किटेक्ट जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी तसंच बांधलं, ते 1950 मध्ये सुरू झालं, आणि आजही तिथे 650 सदस्यांना मिळून 427 च्या आसपास जागा आहेत. महत्त्वाच्या दिवशी लोक दाटीवाटीने उभे राहतात आणि त्या दाटीमुळेच तो दिवस महत्त्वाचा वाटतो. चर्चिलची बाकीची मतं बाजूला ठेवा, पण सभागृहाचा आकार रोजच्या हजेरीवरून ठरवायचा, वर्षातल्या एका दिवसावरून नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

त्यात आपल्याला हॉल "बहुउद्देशीय" हवा असतो. म्हणजे त्यात भाषण पण, गाणं पण, बॅडमिंटन पण, परीक्षा पण. इथे आवाजाचं शास्त्र आडवं येतं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमची नवीकोरी इमारत उघडली आणि तिथल्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं कोणाला कळेचना. वॉलेस सबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं, तो शेजारच्या थिएटरमधल्या सीटच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, एकेक गादी ठेवून आवाज किती वेळ घुमतो ते मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत परत नेऊन ठेवायचा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साधारण साडेपाच सेकंद घुमत होता, म्हणजे वक्ता तिसऱ्या वाक्यावर गेला तरी पहिलं वाक्य अजून हवेत. त्या गाद्यांमधून घुमण्याचा वेळ काढायचं सूत्र निघालं, आणि 1900 मध्ये उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्यावरच बेतला गेला. मुद्दा असा की बोललेलं स्पष्ट ऐकू यायला आवाज साधारण एक सेकंदाच्या आत विरायला हवा, मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास लागतो, आणि बॅडमिंटनसाठी बांधलेल्या उंच, टणक भिंतींच्या खोलीत दोन्हीचा बोऱ्या वाजतो. लोक मग माईकचा आवाज वाढवतात, त्याने आणखी घुमतं. मधे फोल्डिंग पार्टिशन टाकून दोन हॉल करू हा उपाय कागदावर फार छान दिसतो, पण स्वस्तातलं पार्टिशन नजर अडवतं, आवाज नाही, एका बाजूला ध्यान आणि दुसऱ्या बाजूला ड्रमचा क्लास ठेवून बघा. डिझाईनच्या मीटिंगमध्ये "हॉलमध्ये आवाज किती सेकंद घुमणार" असा एक प्रश्न कोणी विचारला ना, तर दर्शनी भागावरच्या दोन तासांपेक्षा जास्त काम होईल.

ती बुकिंग न लागणारी जागा, जिच्यासाठी मी भांडतोय, ती काही माझी कल्पना नाही. लंडनच्या पेकहॅम भागात दोन डॉक्टरांनी, जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पीअर्स यांनी, एक आरोग्य केंद्र चालवलं होतं आणि 1935 मध्ये त्यासाठी ओवेन विल्यम्स या इंजिनिअरने खास इमारत बांधली. मधोमध पोहण्याचा तलाव, त्याच्या भोवती काचेच्या भिंती, एका बाजूला लांबच लांब कॅफेटेरिया, दुसरीकडे जिम आणि थिएटर. आतल्या भिंती शक्य तिथे काचेच्या होत्या, म्हणजे चहा पीत बसलेल्याला पोहणारे दिसायचे, जिमवरून जाणाऱ्याला कसरत करणारी पोरं दिसायची. डॉक्टरांचं म्हणणं होतं की माणसाला सांगून, बोर्ड लावून तो काही करत नाही, दुसऱ्याला करताना बघितलं की त्याला वाटतं आपणही करावं. आता गंमत बघा, काच इथेही आहे आणि त्या थ्रीडी चित्रातही आहे, पण पेकहॅमची काच माणसांना एकमेकांना दाखवण्यासाठी होती आणि चित्रातली काच रस्त्यावरून जाणाऱ्याला बिल्डिंग दाखवण्यासाठी असते. पश्चिमेला तोंड करून ती लावली की दुपारी आत भट्टी, मग पडदे, मग पडदे कायमचे बंद, आणि शेवटी एसीचं बिल कोण भरणार यावर आणखी एक मीटिंग.

दुसरं उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं. तिथे सेस्क नावाच्या संस्थेकडे पोंपेया भागातली पिंपं बनवण्याची एक जुनी फॅक्टरी होती, ती पाडून नवीन केंद्र बांधता आलं असतं. 1977 च्या सुमारास लीना बो बार्डी या आर्किटेक्टकडे काम आलं. ती शनिवार-रविवारी तिथे गेली तर फॅक्टरीच्या रिकाम्या शेडमध्ये लोक आधीच येत होते, पोरं पळत होती, आया खाऊ घेऊन बसल्या होत्या, पत्रे गळत होते पण कोणाला फिकीर नव्हती. तिने ठरवलं की हे जे चाललंय तेच चालू ठेवायचं. शेड ठेवल्या, आत एक मोठी शेकोटीची जागा केली, जमिनीतून नागमोडी जाणारं उथळ पाणी केलं, बसायला बाकं, वाचायला पुस्तकं, आणि खेळांसाठी बाजूला काँक्रीटचे उंच टॉवर. पहिला भाग 1982 मध्ये उघडला, टॉवर 1986 मध्ये पूर्ण झाले. ते टॉवर दिसायला चक्क ओबडधोबड आहेत, खिडक्यांच्या जागी वेडीवाकडी भोकं, आपल्या मीटिंगमध्ये चित्र दाखवलं असतं तर एकमताने नापास. पण त्या मोठ्या शेडमध्ये आजही लोक नुसते येऊन बसतात, पेपर वाचतात, बुद्धिबळ खेळतात, झोपतातसुद्धा.

आर्किटेक्चरची आवड असलेले लोक हे उदाहरण देतात तेव्हा एक गोष्ट हमखास गाळतात. सेस्क ही 1946 पासूनची संस्था आहे आणि तिला व्यापारी कंपन्यांच्या पगारखर्चाच्या दीड टक्का रक्कम कायद्याने मिळते. म्हणजे दर महिन्याला पैसा येतो, माणसं नेमता येतात, साफसफाई होते, दिवे बदलले जातात. लीना बो बार्डी कितीही ग्रेट असली तरी त्या दीड टक्क्याशिवाय तिची शेकोटी दोन वर्षांत कचरापेटी झाली असती.

फुकट बसायच्या जागेला लोक चैन समजतात म्हणून आणखी एक सांगतो. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि तिने सुमारे 739 माणसं गेली, त्यात एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाण सारखंच, ऊन तर तेच, पण एकीकडचा मृत्यूदर दुसरीच्या जवळपास दहापट. फरक होता रस्त्यावरच्या आयुष्याचा. एका वस्तीत दुकानं चालू, फूटपाथवर वर्दळ, म्हातारी माणसं रोज बाहेर पडायची आणि त्यांना ओळखणारे लोक होते, दुसऱ्या वस्तीत रिकामे प्लॉट, बंद दुकानं आणि दार लावून आत बसलेली माणसं. गरम दिवसात गार जागी जाऊन बसायचं असेल तर ती जागा त्या माणसाला आधीपासून आपली वाटायला हवी, तापमान चाळिशीच्या वर गेल्यावर पहिल्यांदा कोणी अनोळखी बिल्डिंगचं दार ढकलत नाही. पुस्तकं चाळायला, टेकायला, टाईमपास करायला जी जागा ठेवायची ती अशा दिवशी कामाला येते, आणि तिथे हॉल कितीही मोठा असला तरी काही उपयोग नाही कारण त्याची किल्ली कोणाकडे आहे हेच माहीत नसतं.

"पण आपलं सेंटर आयकॉनिक व्हायला नको का?" हा प्रश्न येतोच, आणि उदाहरण सिडनी ऑपेरा हाऊसचं असतं, त्यालाही लोकांनी विरोध केला होता, आज बघा. बघूया. 1957 मध्ये अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, 1973 मध्ये उघडेपर्यंत खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला, मधेच आर्किटेक्ट उट्झन काम सोडून निघून गेला, आणि आतल्या कॉन्सर्ट हॉलच्या आवाजाबद्दल वादक इतकी वर्षं कुरकुरत होते की 2020 मध्ये तो बंद करून दुरुस्त केला आणि 2022 मध्ये परत उघडला. एका अख्ख्या देशाच्या ओळखीसाठी हे परवडलं असेल. आपल्या वस्तीच्या सेंटरला परवडणार नाही. आपल्याशी जास्त जुळणारं उदाहरण हवं असेल तर कोलंबियातल्या मेदेयीनचं घ्या, डोंगरावरच्या गरीब वस्तीत 2007 मध्ये तीन काळ्या खडकांसारखी दिसणारी एस्पान्या लायब्ररी बांधली, जगभरच्या मासिकांत फोटो छापून आले, शहराचा अभिमान झाली, आणि काही वर्षांतच बाहेरचं आवरण निखळायला लागल्यामुळे 2015 मध्ये ती बंद करावी लागली. हेतू शंभर टक्के चांगला होता, वस्तीला त्या लायब्ररीचा उपयोगही होत होता, आणि नेमका दर्शनी भागानेच घात केला.

मग लोकांचं मत घ्यायचंच नाही का, सगळं आर्किटेक्टवर सोडायचं? अजिबात नाही. प्रश्न मत कधी घेता आणि कशावर घेता याचा आहे. शेरी अर्नस्टाईन या अमेरिकन अभ्यासक, त्यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, सगळ्यात खाली नुसती दिशाभूल आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात प्रत्यक्ष निर्णय. तयार चित्र भिंतीवर लावून "सूचना असतील तर लिहा" म्हणणं हे त्या शिडीवर मधेच कुठेतरी येतं, माहिती दिली, ऐकून घेतलं, पुढे काय झालं विचारू नका. त्या टप्प्यावर लोकांना रंग आणि कमानी सोडून बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं, म्हणून तर सगळं भांडण रंगावर आणि कमानींवर होतं.

वेगळं करणारे लोक होते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या बायकर वस्तीची पुनर्बांधणी करताना आर्किटेक्ट राल्फ अर्स्किनच्या टीमने वस्तीतच, एका अंत्यविधीवाल्याच्या जुन्या दुकानात ऑफिस थाटलं, कोणीही यावं आणि बोलावं. (त्याचं फार कौतुक होतं, पण काम इतकी वर्षं रेंगाळलं की मूळच्या रहिवाशांपैकी बहुतेक जण परत आलेच नाहीत, तेव्हा ऑफिसचं दार उघडं ठेवणं पुरेसं असतं असंही समजू नका.) आणि आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो गावात फ्रान्सिस केरे हा आर्किटेक्ट स्वतःच्या गावासाठी शाळा बांधायला निघाला तेव्हा गावकऱ्यांनाच मातीची इमारत नको होती, पावसात टिकणार नाही म्हणाले, आणि त्यांचा अनुभव तसाच होता. त्याने चित्रं दाखवत बसण्यापेक्षा मातीची एक खरी कमान बांधली आणि लोकांना तिच्यावर उड्या मारू दिल्या. मग गावच्या लोकांनीच विटा पाडल्या, छताच्या वर अंतर सोडून पत्र्याचं दुसरं छप्पर चढवलं म्हणजे गरम हवा निघून जाते, आणि 2001 मध्ये शाळा उभी राहिली. केरेला 2022 मध्ये प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. मला त्यातली ती उडी जास्त महत्त्वाची वाटते, कारण शंका घेणाऱ्यांना तपासून बघता येईल अशी वस्तू समोर ठेवली.

आपल्याकडेही हे करता येतं, कमान बांधायची गरज नाही. मोकळ्या मैदानावर चुन्याने हॉल आणि खोल्या खऱ्या मापात आखा आणि लोकांना त्यात चालू द्या, कॉरिडॉर किती अरुंद आहे ते चित्रात कळत नाही, तिथे दोन मिनिटांत कळतं. एखाद्याला व्हीलचेअर घेऊन त्या आखलेल्या टॉयलेटमध्ये वळायला सांगा, वळायला दीड मीटरचा गोल लागतो. प्रवेशाला तीन पायऱ्या "शोभेसाठी" ठेवल्या असतील तर 45 सेंटिमीटर चढायला एकास बारा या उताराने 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो, आणि तो नंतर बसवायचा म्हटलं की कचऱ्याच्या डब्यांशेजारून मागच्या बाजूलाच जातो, त्यापेक्षा जमिनीच्या लेव्हललाच दार ठेवा आणि विषय संपवा. बायकांच्या टॉयलेटबाहेर रांग आणि पुरुषांचं रिकामं हे दृश्य कोणी बघितलेलं नाही? न्यूयॉर्कने 2005 मध्ये नव्या सार्वजनिक जागांसाठी बायकांना दुप्पट टॉयलेट असा नियमच केला, आपण अजून दोन्ही बाजूंना सारखं क्षेत्रफळ देऊन समानता झाली असं समजतो. आणि स्टोअररूम! प्रत्येक प्लॅनमध्ये ती जिन्याखाली असते, आणि दोनशे खुर्च्या, टेबलं, मॅट, ड्रम, नाटकाचं सामान हे शेवटी हॉलच्याच एका कोपऱ्यात रचलेलं असतं.

एक जास्तच अवघड प्रश्न मीटिंगमध्ये कोणी काढत नाही, नवीन बिल्डिंग हवीच आहे का. 1996 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहराने लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीला एक छोटा चौक सुशोभित करायला सांगितला. ते तिथे जाऊन बसले, लोकांशी बोलले आणि सांगितलं की चौक आहे तसा सुंदर आहे, काही बांधू नका, खडी बदला, झाडांची काळजी घ्या, वेळेवर झाडून घ्या. याच जोडीला 2021 मध्ये प्रित्झकर मिळालं. जुनं सेंटर पाडायच्या आधी निदान असा एक पर्याय टेबलावर असावा, दुरुस्ती, रॅम्प, चांगली टॉयलेट आणि चार माणसांचा पगार. तो निवडावा असं नाही, कधीकधी जुनी बिल्डिंग खरोखर कामातून गेलेली असते, पण तुलना तरी होऊ दे.

तर पुढच्या मीटिंगला थ्रीडी चित्राच्या शेजारी आणखी दोन कागद मागा. एक म्हणजे वेळापत्रक, साध्या मंगळवारी सकाळी 11 वाजता, दुपारी 3 वाजता आणि रात्री 8 वाजता कुठल्या खोलीत कोण असणार, आणि त्या वेळी बुकिंग नसलेला माणूस कुठे बसणार. दुसरा म्हणजे दहा वर्षांचा चालवायचा खर्च, त्यात दार उघडणाऱ्या माणसाचा पगार पहिल्या ओळीत. तो पगार बसत नसेल तर हॉल एक तृतीयांश कमी करा, काचेची भिंत काढा, कमानी हव्या असतील त्यांनी वर्गणी काढावी, पण तो माणूस कापू नका.